कॉम्प्युटरमधली दुबार नावं

मैत्रिणींनो, दिवाळीआधीची आवराआवर एकदा आपल्या अंगात संचारली की समोर येईल त्या वस्तूची धडगत नसते. गेल्या दिवाळीला माझं तसंच झालं. माळा झाला, फडताळ झालं, सासूबाईंच्या संमतीनं तीन फुटक्या बरण्या आणि कान तुटलेले कप भंगारवाल्याकडे गेले. दुपारचे दोन वाजले होते. लेक शाळेतून यायला अवकाश होता आणि माझे हात अजून शिवशिवत होते. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरकडे लक्ष गेलं. मनात आलं, आता ह्याचीही खोगीरभरती काढून टाकावी.

आमचा कॉम्प्युटर नऊ वर्षांचा. ह्यांचा सोसायटीचा हिशेब, लेकीचे प्रकल्प, माझ्या प्रश्नपत्रिका, सगळं त्याच्यावरच. अलीकडे तो फार मंद झाला होता. सुरू करून चहाचं आधण ठेवावं, चहा उकळून गाळून झाला तरी ह्याचं आपलं गोल चक्र फिरतंच आहे. शिवाय ‘सी ड्राइव्ह’ची पट्टी लाल झालेली, म्हणजे जागा संपत आलेली.

मी बी. ए. झालेली, शाळेत अर्धवेळ मराठी शिकवणारी. कॉम्प्युटरचं ज्ञान म्हणाल तर एमएस-सीआयटीच्या कोर्सात शिकले तेवढं आणि निकालपत्रकं भरता भरता आलं तेवढं. पण कॉम्प्युटरवर बसवलेल्या प्रोग्रॅम्सची यादी कुठे असते, एवढं मला ठाऊक होतं. ती उघडली आणि बघते तर काय, मतदारयादीत दुबार नावं असावीत तशी नावंच नावं! ‘मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल’ हे एकच लांबलचक नाव अकरा वेळा. पीडीएफ वाचायचे प्रोग्रॅम तीन. व्हायरसपासून राखण करणारे दोन. मराठी टाइप करायची सोयसुद्धा दोन प्रकारची.

घरात एकाच मापाची अकरा भांडी असली तर आपण काय करू? दोन ठेवू, नऊ देऊन टाकू. मी तेच केलं. अकरांतली सगळ्यांत नवी दोन ठेवली, नऊ उडवली. जुनं मराठी टायपिंगचं पॅकेजही काढलं, कारण हल्ली विंडोजमध्येच मराठी टाइप करता येतं. तासाभरात काम आटोपलं. मला इतकं समाधान वाटलं म्हणून सांगू!

संध्याकाळचा प्रकार

संध्याकाळी हे सोसायटीचा हिशेब घेऊन बसले, तर हिशेबाचा प्रोग्रॅम उघडेचना. पडद्यावर एक चौकट आली: ‘एमएसव्हीसीआर१००.डीएलएल’ नावाची फाइल सापडत नाही, म्हणून प्रोग्रॅम सुरू होऊ शकत नाही. स्कॅनरचंही तेच. रविवारी सोसायटीची सभा होती. हे म्हणाले, “तुला कुणी सांगितलं होतं त्याला हात लावायला?”

मला ते वाक्य फार लागलं. पण चूक माझीच होती, बोलणार काय? रात्री सगळे झोपल्यावर मी पुन्हा बसले. आणखी काय काय बिघडलंय ते बघावं म्हणून एकेक फाइल उघडत गेले, आणि माझ्या अण्णांची फाइल उघडली.

माझे वडील पोस्टात होते. निवृत्त झाल्यावर हौसेनं मराठी टायपिंग शिकले आणि दोन वर्षं रोज सकाळी बसून त्यांनी आपल्या आठवणी लिहून काढल्या. त्यांचं बालपण, आजीचं गाव, पहिली नोकरी, आईला बघायला गेले तो दिवस. चौऱ्याऐंशी पानं. अण्णांना जाऊन आता चार वर्षं झाली. त्यांचा कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा मी ती फाइल जपून आमच्याकडे आणली होती.

ती फाइल उघडली तर एक अक्षर मराठी नाही. नुसती इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, कंस, बेरजेची चिन्हं, चौऱ्याऐंशी पानं भरून. मैत्रिणींनो, मला तिथेच रडू कोसळलं. सोसायटीचा हिशेब काय, पुन्हा मांडता आला असता. हे कुठून आणणार होते मी?

“वहिनी, आधी काही करू नका”

दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याला भाऊजींना, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांना, फोन केला. ते ह्याच क्षेत्रात आहेत. मला वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. म्हणाले, “वहिनी, आधी आणखी काही करू नका. काय काय काढलंत ते आठवेल तसं कागदावर लिहा. आणि अण्णांची फाइल उघडली असेल तर ती ‘सेव्ह’ न करता बंद करा. फाइलला काही झालेलं नाही.”

“काही झालं नाही कसं? मी डोळ्यांनी बघितलं ना!”

“फाइल आहे तशीच आहे. तुम्ही ती वाचायचा चष्मा काढून टाकलात.”

मग त्यांनी मला जे समजावून सांगितलं, आणि पुढच्या आठ दिवसांत मी स्वतः करून जे शिकले, तेच आज तुम्हांला सांगायचं आहे. कारण घरोघरी जुने कॉम्प्युटर आहेत, ते मंद होतात, आणि ते साफ करायची बुद्धी आपल्यालाच होते.

नाव एक, माणसं वेगळी

पहिली गोष्ट, त्या अकरा नावांची. आपण जो प्रोग्रॅम बसवतो तो सगळं सामान स्वतःबरोबर आणत नाही. पूर्वी वाड्यात आड एकच असायचा आणि बिऱ्हाडं सात असायची, तसं काहीसं हे आहे. पुष्कळ प्रोग्रॅम्सना लागणारी जी समाईक कामं असतात त्यांच्या फाइली एकदाच बसवलेल्या असतात आणि सगळे प्रोग्रॅम त्यांवर पाणी भरतात. ह्या फाइलींना डीएलएल म्हणतात. आणि ते लांबलचक नावाचं पॅकेज म्हणजे अशा फाइलींचा आड.

मग एवढे आड कशाला? तर मायक्रोसॉफ्टनं हे पॅकेज वेळोवेळी नवं काढलं. २००५ चं वेगळं, २००८ चं वेगळं, तसंच २०१०, २०१२ आणि २०१३ चं. जो प्रोग्रॅम २०१० च्या सामानावर बांधला आहे त्याला २०१० चंच लागतं, २०१३ चं असून उपयोग नाही. फक्त २०१५ पासूनची, म्हणजे २०१५, २०१७, २०१९ आणि २०२२ ही, एका कुळातली आहेत. त्यांतलं नवं बसवलं की ते जुन्याची जागा घेतं. बाकीच्यांचं तसं नाही.

शिवाय प्रत्येकाचे दोन प्रकार असतात. नावाच्या शेवटी एकावर ‘एक्स८६’ आणि दुसऱ्यावर ‘एक्स६४’ लिहिलेलं असतं. पहिलं ३२ बिटच्या प्रोग्रॅमसाठी, दुसरं ६४ बिटच्या. आजचा कॉम्प्युटर ६४ बिटचा असला तरी त्यावर पुष्कळ जुने प्रोग्रॅम ३२ बिटचे चालत असतात, म्हणून दोन्ही लागतात. मतदारयादीत एकाच नावाच्या दोन बायका दिसल्या म्हणजे दर वेळी एक खोटीच असते असं नाही. एक सासू असते, एक सून असते.

बरं, एवढं करून मिळवलं काय? ह्या पॅकेजेसना जागा लागते ती काही एमबी, फार तर काही दहा एमबी. मोबाइलवर काढलेल्या दोन-चार मिनिटांच्या व्हिडिओला त्याहून जास्त लागते. म्हणजे मी जे नऊ ठेचे काढून फेकले त्यानं भिंतही पोकळ झाली आणि खोलीही मोठी झाली नाही.

आता तुमच्याकडेही तशी चौकट आली तर घाबरू नका. फाइलच्या नावातला आकडाच सांगतो की कोणतं पॅकेज हरवलं आहे. ८० म्हणजे २००५, ९० म्हणजे २००८, १०० म्हणजे २०१०, ११० म्हणजे २०१२, १२० म्हणजे २०१३ आणि १४० म्हणजे २०१५ व त्यापुढचं. आमचं १०० होतं. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ही पॅकेजेस फुकट मिळतात. तिथून घेऊन बसवली आणि हिशेब उघडला, स्कॅनर चालू झाला. मात्र एक जपा. ‘ही एकच डीएलएल फाइल आमच्याकडून घ्या’ असं सांगणाऱ्या परक्या ठिकाणांकडे मुळीच जाऊ नका. तिथून काय घरात येईल ते सांगता येत नाही. पॅकेज यादीत असूनही प्रोग्रॅम कुरकुरत असेल तर ‘कंट्रोल पॅनेल’मधल्या ‘प्रोग्रॅम्स अँड फीचर्स’ ह्या यादीत ते निवडून ‘चेंज’ दाबा. तिथे ‘रिपेअर’ म्हणून सोय असते.

मग खरे दुबार कोण?

खरे दुबार असतात, नाही असं नाही. ते ओळखायला मी आता एक सोपा प्रश्न विचारते: हे नाव मला कामासाठी हवं आहे, की दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमला त्याच्या कामासाठी हवं आहे?

जे आपण स्वतः हातानं उघडतो त्यांतले एका कामाचे दोन असतील तर ते खरे दुबार. पीडीएफ वाचायचे तीन असतील तर एक ठेवावा. गाणी ऐकायचे दोन असतील तर जो आवडतो तो ठेवावा. फुकट मुदतीचा संपलेला प्रोग्रॅम, जुन्या विकून टाकलेल्या प्रिंटरचं सामान, दुसरं काही बसवताना न विचारता बरोबर आलेली ब्राउझरची शेपटं, ही सगळी खुशाल काढावीत.

व्हायरसचे राखणदार मात्र दोन असता कामाच नयेत. दोघेही प्रत्येक फाइल उघडून बघतात, एकमेकांच्या पायांत येतात आणि कॉम्प्युटर रांगायला लागतो. आमचा मंद झाला होता त्याचं मोठं कारण हेच निघालं. विंडोजमध्ये ‘डिफेंडर’ नावाचा राखणदार मुळातच असतो. बाहेरचा बसवला की तो आपण होऊन बाजूला होतो, आणि बाहेरचा नीट काढला की पुन्हा उभा राहतो. तेव्हा बाहेरच्या दोनांतला एक काढा, किंवा दोन्ही काढा, पण काढून झाल्यावर ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून कुणीतरी एक जागा आहे ना, एवढं बघा. हे राखणदार कधी कधी चिकट असतात, काढले तरी मागे काही ठेवून जातात. बहुतेक कंपन्या त्यासाठी काढणीचा वेगळा प्रोग्रॅम स्वतःच देतात.

तिसरा प्रकार जुन्या आणि नव्या आवृत्तीचा. बहुतेक प्रोग्रॅम नवा आला की जुन्याला घालवतात. पण काहींचे जुने अवतार तसेच राहतात. जावाच्या जुन्या आवृत्त्या अशा राहून जात असत. त्यांत सुरक्षेची भोकं असतात म्हणून त्या काढणं चांगलंच. पण कार्यालयाचं एखादं जुनं काम तिच्यावर चालत नाही ना, हे ज्याचं काम आहे त्याला विचारून मगच.

आणि मराठीचं काय? ते मी शेवटी सांगते.

आवरायची रीत

आता माझी रीत सांगते. ह्यात हुशारी काही नाही, नुसती शिस्त आहे.

१. आधी आपलं धन बाजूला काढा. फोटो, मुलांचे प्रकल्प, हिशेब, लेखन ह्यांची एक प्रत पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर घ्या. ती उघडते का तेही बघा.

२. यादी लिहून घ्या. विंडोज १० मध्ये ‘सेटिंग्ज’, ‘अ‍ॅप्स’ आणि मग ‘अ‍ॅप्स अँड फीचर्स’. विंडोज ११ मध्ये त्याच ठिकाणी ‘इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स’. नाव, आवृत्तीचा आकडा आणि बसवल्याची तारीख. लिहायचा कंटाळा असेल तर मोबाइलवर फोटो काढा, पण काढा. मी त्यासाठी एक शंभर पानी वहीच केली आहे.

३. परतीची वाट ठेवा. विंडोजच्या शोधाच्या चौकटीत ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ असं टाइप केलं की एक खिडकी उघडते. तिथे सी ड्राइव्हसमोर संरक्षण ‘ऑन’ आहे का बघा, नसेल तर ‘कॉन्फिगर’मध्ये जाऊन सुरू करा आणि ‘क्रिएट’ दाबून तारखेचं नाव द्या. पुढे काही बिघडलं तर प्रोग्रॅम्सची मांडणी त्या दिवशी होती तशी परत आणता येते. माझ्या कॉम्प्युटरवर हे संरक्षण बंदच होतं, नाहीतर एवढं रामायण घडलंच नसतं. पण लक्षात ठेवा, ह्यात आपले फोटो आणि लेखन साठवलं जात नाही. म्हणून पहिली पायरी चुकवायची नाही.

४. यादीत तीन खुणा करा. नक्की ठेवायचं, नक्की काढायचं आणि विचारायचं. मायक्रोसॉफ्टचं नाव असलेलं, ज्या कंपनीचा कॉम्प्युटर आहे तिचं आणि ज्याच्या नावात ‘ड्रायव्हर’, ‘रनटाइम’, ‘फ्रेमवर्क’ किंवा ‘रीडिस्ट्रिब्युटेबल’ असे शब्द आहेत ते सगळं ‘विचारायचं’मध्ये. काय आहे कळत नसेल तर तेही तिकडेच.

५. एका वेळी एकच काढा. यादीतल्या ‘अनइन्स्टॉल’नंच काढा. नुसतं पडद्यावरचं चित्र पुसलं तर प्रोग्रॅम जात नाही, दारावरची पाटी तेवढी जाते. उलट ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये शिरून फोल्डरच उडवला तर माणूस गेला पण रेशनकार्डावर नाव राहिलं, असं होतं. काढताना ‘ही समाईक फाइल आता कुणी वापरत नाही, काढू का?’ असं विचारलं आणि आपल्याला खात्री नसली तर ‘नको’ म्हणा.

६. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू करा. मग घरातली रोजची कामं एकदा करून बघा. एक कागद छापा, एक स्कॅन करा, हिशेब उघडा, मराठीत दोन ओळी लिहा, गाणं लावा. सगळं ठीक असेल तर वहीत बरोबरची खूण करा आणि पुढचं नाव घ्या. मी तर दोन दिवसांत एक ह्या हिशेबानं काढते. लोणचं मुरायला वेळ देतो, तसाच ह्यालाही द्यावा.

७. ‘एका क्लिकमध्ये सगळी सफाई’ असं सांगणारे प्रोग्रॅम बसवू नका. कमी करायला निघालो आणि आणखी एक घरात आला, असं होतं. आणि ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, आम्ही दुरून काढून देतो’ असा फोन कुणाचा आला तर तो सरळ ठेवून द्या. असे फोन फसवणुकीचे असतात.

जागा हवी असेल तर ती दुसरीकडेच असते. आमची जागा निघाली ती ‘डाउनलोड्स’मधून, कचरापेटीतून आणि लेकीनं तीन-तीनदा उतरवलेल्या त्याच त्या व्हिडिओंमधून. ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टिम’, ‘स्टोरेज’ इथे ‘टेम्पररी फाइल्स’ म्हणून जागा आहे. तिथला तात्पुरता कचरा काढायला हरकत नाही. फक्त त्या यादीत ‘डाउनलोड्स’ असंही एक नाव असतं. त्यावर खूण केलीत तर तुम्ही उतरवून ठेवलेली बिलं आणि फॉर्मही जातील. तेवढं वाचून मगच बटण दाबा.

शाळेतली गोष्ट

हे सगळं अंगवळणी पडत होतं तेवढ्यात आमच्या शाळेतही तसाच प्रसंग आला. शाळेच्या प्रयोगशाळेत काही कॉम्प्युटर लिनक्सवर चालतात, त्यांतल्या एकावर फेडोरा आहे. नव्या दुरुस्त्या बसत असतानाच वीज गेली. पुन्हा सुरू केल्यावर पुढचं काही बसेना. बघितलं तर एकाच पॅकेजच्या जुन्या आणि नव्या दोन्ही आवृत्त्या यादीत उभ्या. नवी बसली होती, जुनी काढायच्या आत दिवे गेले होते. हे मात्र खरेखुरे दुबार!

आमचे कॉम्प्युटर शिकवणारे सर म्हणाले, इथे हातानं एकही फाइल पुसायची नाही. लिनक्समध्ये पॅकेजेसची खातेवही ठेवणारा एक कारभारी असतो. फेडोरात त्याचं नाव डीएनएफ. दुबार नोंदी तोच शोधून दाखवतो आणि काढूनही त्याच्याकडूनच घ्यायच्या असतात. काढण्याआधी तो काय काय जाणार त्याची पूर्ण यादी दाखवतो आणि ‘करू का?’ असं विचारतो. सर म्हणाले, “बाई, खरं काम ह्या प्रश्नापाशी आहे. यादी दोन-चार नावांची असेल तर हो म्हणायचं. शेकडो नावं आली किंवा त्यात आपला डेस्कटॉपच दिसला तर ‘नाही’ म्हणून उठायचं.”

तिथेही दिसायला दुबार पण नसलेले होतेच. ‘कर्नल’ म्हणजे लिनक्सचा गाभा. तो तीन वेळा दिसतो. फेडोरा मुद्दामच तीन ठेवतो, नवा रुसला तर जुन्यावर कॉम्प्युटर सुरू करता यावा म्हणून. आणि ३२ व ६४ बिटची जोडी तिथेही आहेच. मी हे ऐकताना मनातल्या मनात हसत होते. आड तोच, वाडा दुसरा.

सरांनी एक पदरचा सल्ला दिला, तो तुम्हांलाही सांगते. कॉम्प्युटरवर काही बसवताना किंवा काढताना वीज जाऊ द्यायची नाही. इन्व्हर्टर नसेल तर ज्या वेळी वीज जायची तुमच्या गावाची सवय आहे ती वेळ टाळा. लॅपटॉप असेल तर तो विजेला जोडूनच ठेवा.

अण्णांची फाइल

आता राहिली अण्णांची फाइल.

पूर्वीच्या मराठी टायपिंगची रीत वेगळी होती. कॉम्प्युटरला इंग्रजीच अक्षरं ठाऊक, म्हणून इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवलेला फॉन्ट करत. पडद्यावर मराठी दिसे, पण फाइलमध्ये इंग्रजी चिन्हंच जात. शिवाय कोणतं चित्र कुठे बसवायचं ते प्रत्येक कंपनीचं निराळं. तो फॉन्ट गेला की चित्रं जातात आणि खालची चिन्हं उघडी पडतात. आता आपण मोबाइलवर लिहितो ते युनिकोड. १९९१ मध्ये त्याचा पहिला ग्रंथ निघाला तेव्हापासूनच त्यात देवनागरी आहे आणि प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. ‘क’चा २३२५. तो इथेही ‘क’च आणि अमेरिकेतही ‘क’च. म्हणजे मी जे ‘मराठीचं दुसरं पॅकेज’ म्हणून काढलं ते दुसरं नव्हतंच. दोघांची लिपी एक दिसते एवढंच, बोली निराळी.

भाऊजी म्हणाले, “वहिनी, तो जुना फॉन्ट मिळाला की झालं. अण्णांनी कशावरून बसवला होता?” मी आईला फोन केला. आई म्हणाली, “थांब, त्यांच्या पासबुकांच्या डब्यात एक थाळी आहे.” थाळी म्हणजे सीडी! अण्णांनी ती कागदी पाकिटात घालून, वर स्वतःच्या अक्षरात तारीख, दुकानाचं नाव आणि ‘मराठी अक्षरे, जपून ठेवणे’ असं लिहून ठेवलं होतं. पोस्टातला माणूस, नोंद केल्याशिवाय काही ठेवायचा नाही.

भाऊबीजेला माहेरी गेले ती सीडी घेऊनच परतले. आमच्या जुन्या कॉम्प्युटरला सीडीचा कप्पा अजून आहे. सीडीत फॉन्टच्या फाइली होत्या. त्यावर उजवं बटण दाबून ‘इन्स्टॉल’ केलं, आणि अण्णांची फाइल उघडली. पहिल्या ओळीपासून सगळं मराठीत होतं. ह्या वेळी हे शेजारीच बसले होते. त्यांनी काही न बोलता चष्मा काढून पुसला आणि आम्ही दोघांनी रात्री साडेबारापर्यंत वाचलं.

त्यानंतर मी दोन गोष्टी केल्या. फाइलची पीडीएफ करून ठेवली. पीडीएफमध्ये साधारणपणे फॉन्ट आतच बसवला जातो, पण मी खात्रीसाठी ती माझ्या मोबाइलवर उघडून बघितली. आणि जुन्या फॉन्टमधलं लेखन युनिकोडमध्ये पालटून देणारे प्रोग्रॅम असतात, त्यातून एक प्रत काढली. जोडाक्षरं आणि रफार थोडे चुकतात, ते रोज दोन-दोन पानं वाचून सुधारते आहे. एकेचाळीस पानं झाली आहेत. ज्यांच्या घरी वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचं मराठी टाइप केलेलं काही आहे, कुणाची लग्नपत्रिका, कुणाचं भाषण, कुणाच्या कविता, त्यांनी जुना फॉन्ट काढण्याआधी हे जरूर करून घ्यावं.

कॉम्प्युटर आता बरा चालतो. चहाचं आधण ठेवून येईपर्यंत सुरू झालेला असतो. आणि परवाच हे काहीतरी काढायला निघाले होते, बटणावर बोट ठेवून थांबले आणि स्वयंपाकघरात हाक मारली, “अगं, तुझ्या वहीत बघ गं जरा, हे काढू का नको?”

मी हातातली कणीक तशीच ठेवली आणि वही घेऊन गेले.